तिनेच बरं करायचं

५ मार्च
नोकरी लागली. फोनवर ताई हसतच सुटली. काम काय, तर खाटेवर पडून राहायचं. इथे शिकवणाऱ्या नर्स तयार करतात. डॉक्टर पोहोचत नाहीत अशा वस्त्यांवर जाऊन त्या तिथल्या नर्सना शिकवतात. सरावाला जिवंत रुग्ण लागतो, तो मी. नववीत शाळा सुटली होती, आता रोज वर्गात असतो. नुसता लोळतो म्हणून सगळ्या मला जावईबापू म्हणतात.

मोठ्या बाईंचे नियम उतरवून घेतले. धडा चालू असताना रुग्णाने सोंग सोडायचं नाही. धडा संपला की जिने आजारी केलं, तिनेच कपाळाला हात लावून ‘बरे झालात, उठा’ म्हणायचं.

९ मार्च
आज सर्वांत धाकट्या नर्सने, म्हणजे चिमणीने, पक्षाघात शिकवला. ह्यांचा डावा पाय बधिर आहे, असं वर्गाला सांगून तिने टाचणी टोचली. मला खरंच कळली नाही. तेवढ्यात जीप आली. तिला डोंगरापलीकडच्या वस्तीवर जायचं होतं, ड्रायव्हर घाई करत होता. पिशवी उचलून ती पळाली. कपाळाला हात लावायचा राहिला.

१० मार्च
पायातली चप्पल कधी निसटली, कळलं नाही. बाई म्हणाल्या, मुंग्या आल्या असतील, जावईबापूंनी जरा हिंडावं. तरी त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ते वाक्य म्हटलं. फरक नाही.

१३ मार्च
कमरेपर्यंत आलं. बाकीच्या नर्सनी दिलेले आजार त्यांच्या वाक्याने उतरतात, हा उतरत नाही. चिमणीच्या वस्तीवर फोन लागत नाही. चिठ्ठी लिहिली, दोनदा तपासली, ड्रायव्हरकडे दिली.

१७ मार्च
डावा हात गेला. भीती वाटायला हवी. तीही बधिर झाली असावी.

१९ मार्च
जीभ. पाटीवर लिहिलं, हे सोंग नाही. बाईंनी ती वर्गाला दाखवली. म्हणाल्या, रुग्ण असा हवा, शेवटपर्यंत सोडत नाही. टाळ्या वाजल्या.

२१ मार्च, सकाळ
चिमणी परत आली आहे. तिची परीक्षा आहे. चिठ्ठी ड्रायव्हरच्या खिशातच राहिली. माझ्याकडे बघून हसली. आज धडा तीच घेणार, म्हणजे शेवटी ते वाक्य तीच म्हणेल. सुटलो.

तिने फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं — मृत्यूनंतरची काळजी.

बाई तिला सांगताहेत, ह्या धड्यानंतर ‘बरे झालात’ म्हणत नाहीत, गेलेल्या माणसाला ते शोभत नाही. नुसती चादर ओढायची.

वही चादरीखाली आहे. दोन बोटं अजून चालतात. पाटी त्यांनी उचलून ठेवली — चिमणी आली. हात कपाळाकडे — नाही, डोळ्यांवर. वर्गाला सांगते आहे, रुग्ण आत्ताच