गरम पीस मोजायचा नाही

शनि., ३ जाने.
डॉक्टरीणबाईंचा हुकूम: सहा आठवडे गांजा बंद. "मग कळेल, डिप्रेशन किती आणि गांजा किती." जसं काय दोन डब्यांत वेगवेगळं भरून ठेवलंय! म्हटलं, मॅडम, उदास असते म्हणून ओढते. तर म्हणे, "किंवा ओढता म्हणून उदास राहता. मला माहीत नाही. तुम्हालाही नाही." मला आहे माहीत. तीन वर्षं रोज संध्याकाळी गच्चीत टाकीमागे एक भरून ओढते, म्हणून तर दुसऱ्या दिवशी कंपनीत उभी राहते. मरावंसं वाटलं तर सहा आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी या, असंही म्हणाल्या. तसं नाही वाटत. काहीच वाटत नाही, तीच तर बोंब आहे.
पुरावा देते त्यांना. अंबडच्या कंपनीत दहा वर्षं मशीनवरचे पार्ट मोजायचंच काम करतेय. आधी एक आठवडा ओढून रीडिंग, मग बंद करून रीडिंग. ० म्हणजे अंथरुणातून उठवत नाही. १० म्हणजे पप्पा मटण करायचे तो रविवार.

रवि., ४ जाने.
विहारात वंदना. पंचशील म्हणताना चारपर्यंत बरोबर होते, पाचव्याला गप्प. पाचवं नशेचं. जे पाळत नाही ते तोंडाने कशाला म्हणू? आईने कोपर मारलं. मी समोर बघत राहिले.
बाहेर चपला घालताना साळवे काकूंनी विचारलं, मनू किती उतरलीय, काय झालं? आई पटकन, "थायरॉइड."
री. ६.

शनि., १० जाने.
आठवड्याची री.: ६, ७, ६, ६, ७, ६, ७. बघा. हे माझं औषध.
उरलेली पुडी कपाटात, पप्पांच्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवली. फेकणार नाही. प्रयोग आहे, शपथ नाही. उद्यापासून बंद.

बुध., १४ जाने.
तीन दिवस झोप नाही. घाम. जेवण बघितलं की मळमळतं. आज कंपनीत तिळगूळ वाटला. मशीन चालवणारा वाघ आला, "गोड बोला मॅडम." मी म्हटलं, आधी तुझ्या मशीनवरचा लोखंडाचा बुरा साफ कर. बिचारा तिळगूळ टेबलावर ठेवून गेला. नंतर खाल्ला मी. वाईट वाटलं.
री. १.

रवि., १८ जाने.
री. २, २, ३, २. जिंकले मी. सहावरून दोनवर आणून ठेवलंय त्या बाईने, आणि वर फी.
पाचव्याला पुन्हा गप्प. घरी येताच आई सुरू. "सगळ्या बाया बघतात. सोडलंस ना? मग म्हणायला काय जातं?"
मी म्हटलं, सोडलं नाही, थांबवलंय. फरक आहे.
"तुझ्या आजोबांनी दारू सोडली होती या शीलापायी. गल्लीत ताठ मानेने चालायचे."
म्हटलं, आणि खोटं न बोलायचं चौथं शील? ते थायरॉइडला लागू नाही का? तू चौथं मोड, मी पाचवं मोडते. हिशोब सरळ.
आई स्वयंपाकघरात गेली. भाकरी थापल्याचा आवाज जरा जास्तच. बोलायला नको होतं, पण खोटं काय बोलले?

शनि., २४ जाने.
डॉक्टरांना आलेख दाखवला. निळी रेघ गांजा चालू असतानाची, लाल बंद केल्यानंतरची. निळी वर, लाल खाली. छान पट्टीने काढलेला. म्हटलं, आता बोला.
बराच वेळ बघत होत्या. मग एकच प्रश्न, "रोज किती वाजता लिहिता?"
आठला. संध्याकाळी. रोज त्याच वेळी, शिस्तीत.
"आणि ओढायचात किती वाजता?"
साडेसात.
"बरं," म्हणाल्या आणि कागद परत दिला. बरं काय बरं? रिक्षात डोकं भणभणत होतं. वेळ पाळली त्यातही खोट काढायची!

मंगळ., २७ जाने.
वाघ धावत आला. हातात मशीनवरून आत्ताच उतरवलेला पीस, चटका बसेल असा. "मॅडम, लय अर्जंट हाय, गाडी उभी आहे, एवढा मोजून द्या, ओके येतोय बघा."
म्हटलं, वाघभाऊ, दहा वर्षं सांगतेय. गरम पीस मोजायचा नाही. गरम असताना फुगतो, ओके दिसतो. थंड झाला की खरा साइज कळतो. ठेव तिथे रॅकवर, चार तासांनी ये.
तो गेला. मी पट्टी हातात धरून तशीच उभी.
साडेसातला ओढायचे, आठला मोजायचे. सातही दिवस.
गरम पीस मोजला मी. मी! आयुष्यभर दुसऱ्यांना झापत आले त्याच गोष्टीवरून. सकाळी किती होतं, दुपारी किती होतं, एकदाही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणूनच लिहिलं नाही. सकाळी सहाला गजर बंद करून छताकडे बघत पडायचे, आई तीनदा हाक मारायची. ते कुठल्या आलेखात आहे?
वाघचा पीस दुपारी रिजेक्ट निघाला. त्याने तोंड पाडलं. माझंही पडलेलंच होतं.

रवि., १ फेब्रु.
आता रोज सकाळी, चहाच्या आधी. री. ३, ३, ४, ३. झोप परत आली. डोकं स्वच्छ आहे, ते मान्य. वाघचं ड्रॉइंग एकदा वाचून समजतं, आधी तीनदा वाचायचे. पण स्वच्छ डोक्याने जे दिसतं ते काही बरं नाही. केस विंचरायला हात उचलत नाही. धूर गेला, खालचं तसंच.
आईला हे सांगितलं. का सांगितलं कोण जाणे, पालक निवडत होतो दोघी. म्हटलं, हे आधीपासूनच आहे गं. दहावीच्या सुट्टीत दोन महिने पडून होते, तू म्हणायचीस ऊन बाधलं.
आईचे हात थांबले. "तुझ्या पप्पांना व्हायचं असं."
काय व्हायचं?
"ड्युटीवरून यायचे ते भिंतीकडे तोंड. आठ-आठ दिवस. लोक विचारायचे, मी सांगायचे, डोकं दुखतं त्यांचं."
पप्पांचं डोकं दुखतं म्हणून आम्ही रेडिओ लावायचो नाही, हे आठवतं मला. वर्षानुवर्षं ही बाई लोकांना डोकं दुखतं सांगत आली. पप्पा गेले तोवर त्यांना कोणी डॉक्टरकडे नेलं नाही. राग आला, खूप आला. मग तिचे हात बघितले, पालकाने हिरवे झालेले. पुढची जुडी ओढून निवडायला घेतली.

गुरु., ५ फेब्रु.
सुहास भेटला, कॉलेज रोडला. डिप्लोमापासूनचा मित्र, पुडी त्याच्याकडूनच यायची. "काय गं, संत झालीस?" म्हटलं, नाही, ऑडिट चालू आहे. हसला. तो माझ्या दुप्पट ओढतो. मस्त आहे, प्रमोशन घेतलं, पोहायला जातो. त्याला काही होत नाही. मला होतं. असा कसा न्याय?
खिशातून काढून दाखवली. वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं, लिहून ठेवते. लपवायचं कोणापासून? नको म्हटलं. चांगली मुलगी झाले म्हणून नव्हे. मध्येच पीस गरम केला तर चार आठवडे पाण्यात.

शनि., २१ फेब्रु.
सहा आठवडे पूर्ण. सकाळची री. ४ च्या वर एकदाही नाही. डॉक्टरांसमोर वही टाकली. म्हटलं, गांजाने मला आजारी पाडलं नाही. आणि बरंही केलं नाही. दोन्ही पार्ट्या हरल्या.
त्या पहिल्यांदा हसल्या. "आजार आधीचा दिसतो. गांजा त्यावर झाकण होतं, आणि बहुतेक वजनही." गोळी लिहून दिली. तीन-चार आठवडे लागतील म्हणाल्या, लागू पडेलच असं नाही, नाही पडली तर बदलू. निदान खोटं तरी बोलत नाही बाई.
घरी आई चिठ्ठी बघून हादरली. "डोक्याच्या गोळ्या? त्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. लोक काय म्हणतील?"
वा गं वा! गांजा सोड म्हणताना डॉक्टर देव, गोळी दिली की डॉक्टर वैरी. म्हटलं, पप्पांना जे मिळालं नाही ते मी घेणार. तुझ्या डोळ्यांसमोर घेणार. घेतली. आई बघत होती.

रवि., २२ फेब्रु.
विहार. पाचव्या शीलाला तोंड उघडलं. मोठ्याने म्हटलं. पुढच्या रविवारी म्हणेन का, माहीत नाही. आज खरं होतं, आज म्हटलं. चष्म्याची डबी अजून कपाटात आहे, तीही लिहून ठेवते.
पण सांगायचं ते वेगळंच. चौथ्याला माझ्या शेजारून आवाज आला नाही. बघितलं तर आई गप्प, ओठ घट्ट मिटलेले, नजर समोर.
बाहेर चपला घालताना साळवे काकू आल्याच. "मनूचं थायरॉइड कसं आहे आता?"
आईने माझा दंड धरला. बोटं रुतली.
"थायरॉइड नाही हो तिला. मनाचा आजार आहे. गोळ्या चालू केल्यात कालपासून." आणि थांबून, "हिच्या पप्पांनाही होता."
आई चपलेचा पट्टा लावत बसली, लागतच नव्हता. मी खाली वाकून लावून दिला.
री., सकाळची, चहाच्या आधी: ३.