सरूबाईंची फ्रेम

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
३ मार्च २०२५

चि. संघप्रिया हिस,
वैजयंता आत्याचा जयभीम आणि अ. उ. आ.

भाईंदरहून मीरा रोडला कुणी पत्र टाकतं का, असं तू म्हणशील. मी टाकते. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू घाईत असतेस. शिवाय सगळी नोकरी टपालाच्या सॉर्टिंगमध्ये काढली, तेव्हा त्या खात्यावर मी नाही विश्वास ठेवायचा तर कुणी? इकडे सगळं ठीक. धम्मदीपची बदली टळली, त्यामुळे सूनबाई खुशीत आहे. माझा गुडघा बोलतो, पण ओरडत नाही.

आता कामाचं. बुद्धपौर्णिमेला वंदनेच्या वेळी आपण आईची फ्रेम मांडतो. तिच्यात फोटो नाही, कागदावर नुसतं ‘कालकथित सरूबाई’ लिहिलेलं आहे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. परवा धम्मदीपच्या आरोहीने विचारलं की पणजी कशी दिसायची. मला सांगता येईना. आईचा हात आठवतो, लुगड्याचा वास आठवतो, चेहरा नाही आठवत. फार वाईट वाटलं गं.

तू पूनम सागरला क्लिनिकमध्ये संमोहनाने लोकांची भीती घालवतेस, सिगारेट सोडवतेस. मला एकदा झोपव आणि आईचा चेहरा बाहेर काढ. धम्मदीपच्या ओळखीचा एक चित्रकार आहे, तो शेजारी बसून काढून घेईल. यंदा फ्रेम भरायचीच आहे. या वयात पुढच्या वर्षावर काही टाकू नये.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, अंबाजोगाईला यातलं काही कळवू नकोस. क्लिनिकमध्ये जेवायच्या वेळेला जेवत जा. माया आहेच, पत्राचं उत्तर पत्रानेच दे म्हणजे ती टिकेल.

तुझी
आत्या

---

पूनम सागर, मीरा रोड
११ मार्च २०२५

ती. आत्यास,
संघप्रियाचा सविनय जयभीम वि. वि.

पत्र पोचलं. क्लिनिकमधल्या स्वातीला वाटलं की कोर्टाची नोटीस आली. हल्ली हाताने पत्ता लिहिलेलं पाकीट कुणी बघितलेलंच नसतं.

आत्या, मी हे करणार नाही. आधी नाही सांगते, मग कारणं, म्हणजे तू शेवटपर्यंत आशेने वाचणार नाहीस.

आपल्या घरच्यांवर उपचार करायचे नाहीत, हा आमच्या कामातला नियम आहे. तुला खूश करावं असं मला वाटणार आणि मला वाईट वाटू नये म्हणून तू काहीतरी बघणार. दुसरं कारण मोठं आहे. संमोहनात माणूस झोपत नाही आणि मन म्हणजे काही तुझा टपालाचा थैला नाही, की तळाशी राहिलेलं पाकीट हात घालून काढावं. जिथे आठवण नसते तिथे मन काहीतरी भरतं. एरवी आपल्याला शंका तरी येते. संमोहनात भरलेलं मात्र खरंच वाटतं आणि पुढे कुणी कितीही सांगितलं तरी ते मनातून जात नाही. प्रत्येक पेशंटला खुर्चीत बसवण्याआधी मी हे सांगते. मग तुला का सांगू नये? चित्रकार शेजारी बसवणं तर सोडूनच दे.

माझी मैत्रीण मिनल याच कामातली आहे, फार शांत बाई. आजीबद्दल तिच्याशी नुसतं बोलायचं असेल तर घेऊन जाते. चेहऱ्याचं वचन तीही देणार नाही.

आणि बाबांना विचार ना. आजी गेली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आजीचा चेहरा मलाही हवा आहे आत्या, पण खोटा नको.

रागावशील हे माहीत आहे. राग ओसरेल तेव्हा पूर्वीसारखाच जीव लाव.

तुझी
संघप्रिया

---

जेसल पार्क
१८ मार्च २०२५

चि. संघप्रिया हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. नाही म्हणायला दोन पानं लागतात हे नव्याने कळलं. तुझ्या पहिल्या पावलापासून पदवीच्या कार्यक्रमापर्यंत सगळ्याला मी होते, पण मी घरची, म्हणून माझ्यासाठी नियम. वैद्य घरात असून औषध बाहेरून आणायचं.

दादाला विचार म्हणतेस. आईचं नाव निघालं की तुझे बाबा पायात चप्पल घालून बाहेर चालू लागतात. गेली साठ-पासष्ट वर्षं हेच चाललंय. त्याला कुणी विचारायचं?

बाकी ठीक.

आत्या

---

जेसल पार्क
९ एप्रिल २०२५

चि. संघप्रिया हिस,
आत्याचा जयभीम आणि अ. उ. आ.

राग गेला, कारण काम झालं. धम्मदीपने स्टेशनजवळ बोर्ड वाचला होता, पूर्वजन्म आणि विस्मृती यावर संमोहन. गेलो. माणूस बोलायला गोड. निम्मं हिंदी, निम्मं मराठी. मला माताजी म्हणाला. डोळे मिटायला लावले, जिना उतरायला सांगितलं, मग खाली एक दार आहे आणि दारात आई उभी आहे म्हणाला. मला आधी नुसता उजेड दिसत होता. त्याने विचारलं की कपाळावर मोठं कुंकू दिसतंय ना, तर दिसलं. हातात हिरव्या बांगड्या आहेत ना म्हणाला, तर त्याही दिसल्या. चेहरा गोल, हसरा. मी इतकी रडले की त्यालाच पाणी आणावं लागलं.

चित्रकाराने छान काढलंय. आरोही म्हणते पणजी गोड आहे. धम्मदीपने मोबाइलवर फोटो पाठवला आहे, बघ. आणि आता कबूल कर.

तुझ्यावर लोभ होता तेवढाच आहे, उगाच कमी झाला असं समजू नकोस.

तुझी
आत्या

---

पूनम सागर
१६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम वि. वि.

चित्र बघितलं. बाई प्रेमळ दिसतात. तू रडलीस आणि तुला बरं वाटलं, ते खरं आहे आणि ते मी नाकारत नाही.

हा आजीचा चेहरा नाही, असं मी सांगू शकत नाही, कारण मी तिला पाहिलेलं नाही. पण तो आजीचाच आहे हे त्या माणसालाही सांगता येत नाही. आधी काय झालं, तुला कुंकू दिसलं की त्याने कुंकवाचं विचारलं? एवढं एकदा आठवून बघ. उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल.

पुन्हा त्याच्याकडे मात्र जाऊ नकोस. पूर्वजन्म दाखवतो म्हणाला तरी नको. आणि मी तुला नाही म्हटलं म्हणून तू तिथे गेलीस, हे मला टोचतंय. तरी आज विचारलंस तरी नाहीच म्हणेन.

पौर्णिमेला मला नाशिकला प्रशिक्षणाला जावं लागणार आहे. बाबा मात्र भाईंदरला येतायत. सांभाळ त्यांना. आणि माझ्या वाट्याची खीर फ्रीजमध्ये ठेव, एवढं प्रेम तर शिल्लक असेल.

तुझी
संघप्रिया

---

जेसल पार्क
१४ मे २०२५

चि. संघप्रिया हिस,
वैजयंता आत्याचा जयभीम आणि अ. उ. आ.

तुझी खीर धम्मदीपने खाल्ली. माझा दोष नाही.

पौर्णिमा झाली. दादा आदल्या दिवशीच आला. पौर्णिमेला सकाळी मी फ्रेम मांडली, आणि तो समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं आता चप्पल घालणार. पण हलला नाही. बराच वेळ बघून म्हणाला की ही बाई कोण. मी म्हटलं की आई. तर म्हणाला की गावाने दीक्षा घेतली त्या दिवसापासून आईने कुंकू लावणं सोडलं होतं, नवरा जिवंत असताना, आणि त्यावरून गावात किती बोलणी खाल्ली ती त्याने ऐकली आहेत. आणि गोल चेहरा कुठला, आई लांबोडी आणि काटकुळी.

हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं, संघप्रिया. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला एप्रिलमध्येच माहीत होतं. आधी त्याने विचारलं, मग मला दिसलं. पण मला सोडवत नव्हतं.

मी दादावर अशी भडकले की शेजारचे डोकावले. इतकी वर्षं तोंड शिवून बसलास आणि आज वंदनेच्या वेळी सांगतोस, असं बरंच बोलले. तर तो रडायलाच लागला. मी घाबरले. तर म्हणाला की थांबू नकोस, बोलत राहा, रागावलीस की तू डिट्टो आई दिसतेस. भुवयांच्या मधली ती आठी तिचीच, ओठही तिच्यासारखेच आवळतेस. आईबद्दल विचारताना मी चिडले की तो लहानपणापासून माझ्यासमोरून उठून का जायचा, ते तेव्हा कळलं.

मी तशीच तरातरा बेसिनवरच्या आरशाकडे गेले. पण तिथे पोचेपर्यंत राग उतरला होता. आरशात नुसती मीच, रडवेली म्हातारी.

फ्रेममध्ये पुन्हा नावाचा कागद घातला आहे. ते चित्र फाडवलं नाही, कुणाची तरी आई असेल. कपाटात नीट ठेवलंय. आता दादाला तरी इतक्या वर्षांनी नीट आठवत असेल का, मनाने काही भरलं असेल का, हे सगळं मला कळतं. तुझी पत्रं पाठ आहेत. पण ही आठी मी ठेवणार आहे.

तेव्हा रविवारी ये. उपचार नकोत, तुझा नियम मोडायला नको. मी काहीतरी मागेन, तू नेहमीसारखं नाही म्हण आणि वर कारणं सांग. मी हातात आरसा घेऊन बसते.

वाट बघतेय, उशीर केलास तर तेही चालेल.

तुझी
आत्या