आईला धनेशाची मादी बघायची आहे

अप्पा,

तुमच्या बायकोनं माझा जीव नकोसा केलाय, आणि याला जबाबदार तुम्ही आहात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्याशी भांडण्यासारखं काही उरलं असेल असं वाटलं नव्हतं. पण हल्ली रोज संध्याकाळी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी येते, दारात चप्पल काढते, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मनातल्या मनात तुमच्याशी वाद सुरू होतो. आज रविवार आहे, आई शेजारी हळदीकुंकवाला गेलीय. तिला बोलावतात आता, बदललंय जग थोडंफार. म्हटलं, ती येईपर्यंत एकदाचं लिहूनच काढावं.

झालं असं, की केरळातल्या डोंगरातलं ते अभयारण्य, ज्याचा नकाशा तुम्ही ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, तिथं पक्षी बघायला जायचं मी ठरवलं. डिसेंबरात, चार दिवस, एकटीनं. पन्नाशी उलटली, मुलगी नोकरीला लागली, म्हटलं आता कुणाला विचारायचं? जंगलाच्या कडेला राहायची सोय झाली, तिथला वाटाड्या फोनवर मोडक्या हिंदीत का होईना पण नीट बोलला, रजेचंही जमलं. आईला सांगितलं ते फक्त तेवढे दिवस ती अंबाजोगाईत एकटी राहील का हे विचारायला. ती ताटात ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बी येणार हाय."

"कुठं?"

"तू जायलीस तितं."

मी तिला समजावलं. चढ आहे, जळवा आहेत, पहाटे उठून चालायचं असतं, तुझा गुडघा तुला देवळाची पायरी चढू देत नाही. ती खडे बाजूला काढत राहिली. माझं सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, "अन डिशेंबरात न्हाई. एप्रिलात जाऊ."

"एप्रिलात कशाला?"

"तवाच येती न ती बाहेर. धनेशाची मादी."

अप्पा, मी खाली बसले. माजलगावच्या पाटबंधारे वसाहतीतलं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. तुम्ही पाटावर बसलेले आहात, शेजारी मी, आणि आई स्टोव्हपुढं पाठमोरी भाकरी थापतेय. तुम्ही मला सांगताय, की महाधनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते, नुसती चोच जाईल एवढी फट ठेवते. आत अंडी, मग पिल्लू. बाहेरून नर दिवसभर फळं आणतो आणि त्या फटीतून तिला भरवतो. "कधी चुकायचा नाही बघ," तुम्ही म्हणताय, "याला म्हणतात संसार करणं." असं म्हणून तुम्ही मोकळ्या ताटाकडं नुसतं बघता, आणि आई वळून भाकरी वाढते. ही गोष्ट तुम्ही किती वेळा सांगितली असेल! मला वाटायचं तुम्ही ती मला सांगताय.

"तुझे अप्पा नराचंच कवतिक करायचे," आई त्या दिवशी ज्वारी निवडता निवडता म्हणाली. "मी भाकरी थापत ऐकायची. मला वाटायचं, आतली काय करत आसंल? पिसं झडतेत म्हणं तिची आत, उडायचं बी बंद होतंय. मंग बाहेर येती तवा कशी येती, काय करती आदी, त्ये कुनी सांगितलंच न्हाई."

तुम्ही नव्हतंच सांगितलं. मीही कधी विचारलं नव्हतं. वाटाड्याला फोन केला तर तो म्हणाला, डिसेंबर उत्तम, पक्षी भरपूर, हवा थंड. एप्रिलमध्ये उकाडा, दुपारी वळवाचा पाऊस, आणि मादी नेमकी कधी बाहेर पडेल ते सांगता येत नाही. तरी मी तारखा बदलल्या. परीक्षेच्या दिवसांत ग्रंथपालानं रजा मागितल्यावर प्राचार्यांचा चेहरा कसा झाला ते सांगत नाही. कारण विचारलं, तर काय सांगणार? आईला एका पक्षिणीला भेटायचंय?

आणि हे सगळं तुम्ही आयुष्यभर करायचं करायचं म्हणत मागं ठेवलेलं काम आहे, म्हणून मला जास्त चीड येते. दर हिवाळ्यात तुम्ही बेत करायचात. रजेचा अर्ज, रेल्वेच्या वेळा, कुठं उतरायचं, सगळं जेवताना बोलून व्हायचं. आणि ऐन वेळी कालव्याला पाणी सोडायचं निघायचं. एका वर्षी तर आईनं प्रवासासाठी डबाभर शंकरपाळे केले होते. बेत मोडल्यावर ते आम्ही संक्रांतीपर्यंत चहाबरोबर खात होतो, आणि तुम्ही "मस्त झालेत" म्हणत होतात. त्या डब्याकडं बघून आईला काय वाटत असेल, हे मला आत्ता, या वयात सुचतंय.

तिला निदान नीट दिसावं म्हणून मी तुमची दुर्बीण काढली. मला नोकरी लागली तेव्हा गळ्यातून काढून दिलीत ती. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता मला! आईनं ती डोळ्यांना लावली आणि म्हणाली, "मला तर कायबी दिसत न्हाई. माझीच पापणी दिसायली." बघते तर काय, तिची मधली खीळ तुमच्या रुंद चेहऱ्याच्या मापावर गंजून बसलेली. मी ती डोळ्यांना लावायची तेव्हाही एकाच नळीतून बघायची, आणि माझाच डोळा अधू असं समजायची. शेवटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडं नेऊन खीळ सैल करून घेतली. आईच्या डोळ्यांच्या मापाला आणायला तो बराच वेळ खटपट करत होता.

पण खरं भांडण कपड्यांवरून झालं. वाटाड्यानं सांगितलं होतं, लाल-पिवळं काही नको, हिरवं किंवा मातकट घाला. मी कपाट उघडलं आणि आईच्या साड्यांमधून त्यातल्या त्यात मळखाऊ म्हणून कुणीतरी आहेरात दिलेली, घडीही न मोडलेली राखाडी साडी काढली. तिनं ती माझ्या हातातून ओढून घेतली.

"तुझे अप्पा गेले तवा समद्या बाया म्हणल्या, आता फिक्कं नेसायचं. मी न्हाई ऐकलं. नवऱ्यासाठी न्हाई नेसले, अन आता पाखरासाठी नेसू?"

"आई, पक्षी उडून जातात गं भडक रंगाला."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या आदीपासून ठावं हाय."

मग तिनं सांगितलं. तुम्ही कधीच न सांगितलेलं. लग्न नवीन होतं, तुमची नेमणूक बीडला होती. एका सकाळी तुम्ही तिला फटफटीवर मागं बसवून बिंदुसरा तलावावर घेऊन गेलात. ती पिवळी साडी नेसली होती, माहेरची, कारण नवऱ्याबरोबर पहिल्यांदा कुठंतरी निघाली होती. काठावर करकोच्यांचा मोठा थवा उतरला होता. ती फटफटीवरून उतरली, पदर वाऱ्यानं फडफडला, आणि अख्खा थवा उठला. "लई भारी दिसलं गं," आई म्हणाली. "समदं आभाळ भरलं. मी टाळ्याच वाजवल्या." आणि तुम्ही तलावावरच्या चौकीदारासमोर तिच्यावर ओरडलात. ही काय लग्नाची वरात आहे का, म्हणालात. तुमचं बघून होईपर्यंत तिला चौकीदाराच्या खोलीमागं बसवून ठेवलंत. त्यानंतर कधी नेलं नाहीत.

"कधीच?" मी विचारलं.

"तुला न्यायचे की. तू गप बसायचीस."

हो, मी गप्प बसायची. माजलगावच्या धरणाच्या काठावर तुमच्या शेजारी श्वास रोखून बसलेली मी अजून मला दिसते, आणि त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं. आईला पक्ष्यांची आवड नाही, हे आपल्या घरात पाण्याला ओलं म्हणावं इतकं उघड होतं. कोण म्हणालं होतं तसं? तुम्ही? की आपण दोघांनी मिळून ठरवलं होतं?

मला तुमचा राग आला अप्पा, पण आईचा यायचाही काही थांबला नाही. तिच्या गुडघ्याची परीक्षा घ्यायला तिला मुकुंदराजाच्या दरीकडं सकाळी फिरायला नेलं, तर चढापेक्षा तिच्या तोंडालाच जास्त वेग. ही बोर गोड असते, ती बाई कुणाची, शिरूर कासारची मावशी ऊसतोडीवरून आली का, तुझ्या प्राचार्याला दात नवे बसवलेत का. समोरच्या आंब्याच्या शेंड्यावर हळद्या बोलत होता. मी दुर्बीण वर केली आणि तेवढ्यात ती जोरात म्हणाली, "कुटंय? मला बी दाव!" हळद्या गेला. माझ्या तोंडून निघालं, "पक्षी बघायला आलीस की गप्पा मारायला?" अगदी तुमच्याच आवाजात.

आई दगडावर बसली. गुडघा चोळत म्हणाली, "आता तूच ऱ्हायली होतीस बग." पुढं घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तेवढ्या वेळात मला एक तांबट आणि दोन सुतार पक्षी दिसले. दोन्ही वेळा मी तिला हात लावून दाखवलं, आणि तिनं तिकडं मुद्दाम बघितलं नाही.

संध्याकाळी मी वाटाड्याला पुन्हा फोन लावला. म्हटलं, बेत रद्द करावा, पैसे गेले तर गेले. आईनं मध्येच फोन हातातून घेतला आणि बीडच्या हिंदीत त्याला विचारायला लागली, "भैया, वो मादी जब बाहर निकलती, तब उसकू उडना आता क्या?"

तिकडून तो हसला. फोनचा आवाज मोठा होता म्हणून मला सगळं ऐकू येत होतं. "अम्मा, पंख नया आता अंदर में. बाहर आके थोडा बैठता, फिर उडता. हम भी एक ही बार देखा."

"हमकू दिखेगा?"

"मालूम नहीं अम्मा. उसका टाइम उसको मालूम. दूर से बैठना, चुप बैठना. आप चुप बैठेगा?"

आई माझ्याकडं बघत म्हणाली, "वो देखते. मेरी बेटी बी वैसाच बोलती." आणि मग, "हरा चलता ना भैया? हरी साडी?"

"हरा सबसे अच्छा, अम्मा."

दुसऱ्या दिवशी ती एकटीच बाजारात गेली आणि साडी घेऊन आली. गर्द हिरवी, सागाच्या जुन्या पानासारखी, बारीक काठ. तुम्ही गेल्यापासून बाकी सगळे रंग तिनं भांडून नेसले, पण हिरवा नाही. हिरव्याला तिनं हात लावला नव्हता, आणि आम्ही कुणी त्याबद्दल बोललोही नव्हतो. पलंगावर ती साडी पसरलेली असताना नेमकी आत्या सिरसाळ्याहून आली. तुमची बहीण तुम्हाला माहीतच आहे. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "वहिनी, हिरवं?"

"पाखरांचा नियम हाय," आई म्हणाली. "मी काय करू?"

आत्यानं मला विचारलं, मी नियम खरा असल्याचं सांगितलं. मग ती भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडं वळली, पदरानं त्याची काच पुसली आणि म्हणाली, "दादाचं किती मन होतं गं तितं जायचं. निदान फोटो तरी घेऊन जा संगं. तितं एखाद्या झाडाखाली ठिवा घडीभर. आत्म्याला बरं वाटंल."

आई साडीची घडी घालत होती. "ऱ्हाऊ दे त्यांना हितंच," ती म्हणाली. "घर राखायला कुनी तरी पायजे का न्हाई?"

आता जिन्यात तिचा आवाज येतोय. कुणाला तरी ती सांगतेय की केरळात ज्वारीचं पीठ मिळत नाही म्हणून ती ते इथूनच नेणार आहे. म्हणजे सामानाचं वजन हा उद्याचा वाद. हे सगळं तुम्हाला कळवायची काही सोय नाही, आणि असती तरी मी बहुतेक कळवलं नसतं. त्या दिवशी आई तुमचा फोटो घर राखायला इथंच राहू दे म्हणाली, तेव्हा आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी नेहमी तुमच्या बाजूनं बोलते, तसं काहीतरी बोलेन म्हणून ती वाट बघत होती. मला बोलायचंच नव्हतं, अप्पा.