अकॉर्डियनला साथ हवी

आई, आज रविवार आहे आणि इथे परदेशात, तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच आहे. तुझी सून तिच्या वडिलांच्या आजारपणासाठी पुण्याला गेली, त्याला वर्ष होत आलं. तू न पाहिलेली नात हॉस्टेलवर असते.

मी लहान असताना तू संगीताच्या मासिकात छोटी जाहिरात दिली होतीस : अकॉर्डियनला गिटार आणि ड्रमची साथ हवी, सराव रविवारी. खाली पत्ता आणि नावाची नुसती आद्याक्षरं. महिन्याभरात दोघं जण जिना चढून आले. दार मी उघडलं. "साहेब आहेत का? अकॉर्डियन वाजवतात ते," गिटारवाल्यानं विचारलं. तू कणकेच्या हातांनी बाहेर आलीस. "साहेब बाजारात गेलेत. वाजवते मी. बसा, हात धुऊन येते." दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ड्रमवाला तर चपलाही काढेना. पण बस बदलून एवढ्या लांब आलेला माणूस चहा न घेता परत कसा जाणार? चहा उकळेपर्यंत तू वाजवायला बसलीस. थोड्या वेळानं बघतो तर ड्रमवाला पोळ्यांच्या डब्यावर ठेका धरतो आहे आणि तू डोळे मिटून हसते आहेस. पुढे ते दोघं येतच राहिले. तुझ्या शेवटच्या आजारपणातही तुझ्या उशाशी बसून हळू आवाजात वाजवायचे.

लेकीला हे सांगितलं तर इथल्या पोरांसारखं वाक्याला 'लाह' जोडत म्हणाली, "बाबा, ॲपवर पोस्ट टाक, लाह. लगेच मिळतात माणसं." टाकली. गिटार वाजवतो, जुनी हिंदी गाणी, वय पन्नासच्या पुढे. जुरोंग ईस्टच्या एका कीबोर्डवाल्याचा मेसेज आला : आधी क्लिप पाठवा. मी पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून त्यातली बरी पाठवली. त्यानं ती ऐकली, तेवढं फोनवर दिसतं. मग काहीच नाही. त्याला तरी काय म्हणू? तो घरी आला असता, माझ्यासमोर बसला असता, तर निदान दोन गाणी होईपर्यंत थांबला असता.

काल लेकीनं फोनवर विचारलं, "मिळालं का कुणी?" मी म्हटलं, "हो, उद्या एक जण येतोय." ती इतकी खूश झाली की मला पुढे बोलवेना.

हे पत्र तर कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगतो. कुणी येणार नाहीये. तरी सकाळपासून मी हॉल आवरला आणि समोर एक खुर्ची मांडून ठेवली आहे.