वाऱ्याचा कोरा खाना

बाबा, तुझी वही आज मशीनने वाचली. तुझं अक्षर लावताना तेही घायकुतीला आलं, हे आधीच सांगून टाकते. रोह्याच्या ऑफिसात आम्ही जुन्या गलबतांच्या नोंदवह्या स्कॅन करतो. तुझ्यासारख्या गलबत हाकणाऱ्या तांडेलांचं अक्षर कसं ओळखायचं ते मी मशीनला शिकवते, मग कित्येक वर्षांचा वारा-पाऊस कॉम्प्युटरवर येतो. पेणहून रोज जाऊन-येऊन करते. या कामात माझा हात धरणारं तिथे कोणी नाही.

एका ठिकाणी मात्र मशीन चुकत होतं. वाऱ्याचा खाना कोरा दिसला की 'वारा नाही' असं लिहायचं. साहेब म्हणाले, "बरोबरच आहे की." मी म्हटलं, "चूक हाय ते, साहेब. वारा पडला तर तांडेल तसं लिहितात. कोरा खाना म्हणजे वादळ." मला तू दिसत होतास. चुलीपुढे बसून मी तुझ्या वहीत पट्टीने रेघा मारतेय आणि तू बजावतोयस, "वादलाचं नाव वहीत लिवायचं नाय गो. लिवलं का येतंय ते." साहेबांना पुरावा हवा होता. मी धरमतरच्या खाडीतल्या सगळ्या गलबतांच्या वह्या तारखेने लावल्या. एकाचा खाना कोरा, त्या दिवशी बाकीच्यांचेही कोरे. आणि बंदराच्या रजिस्टरात त्याच दिवशी वादळाचा बावटा चढवल्याची नोंद. साहेबांनी मान डोलावली. मशीनला नव्याने शिकवलं.

मग तुझं गलबत खडकावर चढलं तो दिवस काढला. तुझा खाना कोरा, बाकीच्यांचे कोरे, बंदरावर बावटा. खरं बोलत होतास तू. गलबताच्या मालकाने, शेठने, तेव्हा आपल्या अंगणात वही माझ्या हातात दिली होती. "पोर शाळेत जाते, तीच वाचू दे. वाऱ्यापुढे काय लिहिलंय?" मी म्हणाले, "काय नाय." "म्हणजे वारा नव्हता. तांडेल झोपला होता." तू परोपरीने सांगत राहिलास, लोक हसले. पुढे तू मिठागरात टोपल्या उचलल्यास. तांडेल म्हणून तुला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

अहवालात मी सगळं लिहिलंय, तुझ्या गलबताच्या नावासकट. हे पत्र मात्र कुठे पाठवणार? त्या दिवशी अंगणात दुसरा तांडेल नव्हता. कोऱ्या खान्याचा अर्थ तुझ्याखेरीज फक्त मला ठाऊक होता. पोर घाबरून गप्प बसली असं तू धरून चाललास, मला कधी एका शब्दाने बोलला नाहीस. घाबरले नव्हते, बाबा. झोपलेल्या माणसाचा खानाही कोराच राहतो. मलाही वाटलं होतं की तू झोपला होतास.