छातीचा दुसरा फोटो

१२ नोव्हेंबर १९४६, मंगळवार. पूर्णा.

तिसऱ्यांदा थुंकी तपासली, तीही साफ. क्षय नाही! रेल्वे दवाखान्यातल्या कंपाउंडरने चिठ्ठी हातात दिली, ती तिथेच दोनदा वाचली. सौ.ने दोन महिने माझं ताट-तांब्या वेगळं ठेवलं होतं. आज राखेनं घासून पुन्हा सगळ्यांच्या भांड्यांत मांडलं. गिरिजाला शेजारीपाजारी साखर वाटायला पाठवलं. बापाला क्षय नाही म्हणून लेक साखर वाटतेय!

सगळे हसले, मीही. काल रुमालावर रक्त आलं ते सांगितलं नाही. क्षय नाही तर रक्त कशाचं? दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, हैद्राबादला जाऊन छातीचा फोटो काढून घ्या. उगाच एक हेलपाटा.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

हैद्राबादहून परतलो. फोटोवाला म्हणाला, "गळ्यातलं काढा." म्हटलं, ही इष्टलिंगाची डबी आहे, जानव्यासारखंच आम्हा लिंगायतांचं, जन्मापासून अंगावर असते, मेल्यावरही असते, काढत नाहीत. तो म्हणाला, चांदी आहे, फोटोत आडवी येईल. म्हटलं येऊ दे. बरीच वादावादी. शेवटी तसाच काढला.

तिथले डॉक्टर वयस्क, बोलायला मऊ. फोटोची काच खिडकीशी धरून दाखवली. बरगड्या, आणि बरोबर मधे डबीचा पांढरा ठिपका, लिंबाएवढा. म्हणाले, "याच्या मागचं काही दिसत नाही. कडेला थोडी सावली वाटते. आठ दिवसांत डबी न घालता परत या."

सावली डबीचीच, दुसरी कुणाची. मला तर हायसं वाटलं.

९ डिसेंबर, सोमवार

गेलो नाही. केळीच्या पाट्यांची गर्दी, स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी एकटा. (खरं कारण हे नव्हे. खरं कारण, डबी काढायची कशी. आणि त्याहून खरं…)

काट्यावर पाटी चढवताना धाप लागली. पाटी उतरवून मीच काट्यावर उभा राहिलो. दिवाळीपेक्षा नऊ शेर कमी. काटा बिघडलाय म्हणून बाजूला सरलो.

२ जानेवारी १९४७, गुरुवार

आवाज बसलाय, आठ दिवस झाले. पार्सलाचे नंबर पुकारतो ते मलाच ऐकू येत नाहीत. हमाल हसतात, अप्पा कानात सांगायलेत म्हणतात.

राणीसावरगावहून मन्मथ आला. धाकटा भाऊ, पण बोलताना थोरला. रुमाल त्याला दिसला. मग काय, घर डोक्यावर घेतलं. "आठ दिवसांत बलिवलं हुतं, सहा हप्ते झाले! डबीसाठी जीव देतो का दादा?" सौ.ला काही माहीतच नव्हतं. ती रुमाल उचलून धुवायला घेऊन गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

५ जानेवारी, रविवार

मन्मथने मठातल्या स्वामींपुढे नेऊन बसवलं. मी सगळं सांगितलं, घशातल्या घशात. स्वामी म्हणाले, "लिंग अंगायेगळं करायचं न्हाई, येवढंच ना? मग हात काय अंग न्हाई का? रोज पूजेला कुठं घेताव?"

डाव्या तळहातावर. चाळीस वर्षं रोज सकाळी घेतो. मुठीत धरून फोटोला उभं राहता येतं हे मला सहा आठवडे सुचलं नाही! मन्मथ हसला. स्वामी हसले. मला रडू आलं.

सुचलं नाही की सुचू दिलं नाही?

१० जानेवारी, शुक्रवार. हैद्राबाद.

मुठीत धरून उभा राहिलो. काच बर्फासारखी छातीला लागली.

डॉक्टरांनी दोन्ही काचा शेजारी शेजारी धरल्या. जुन्या काचेत मधे डबी. नव्या काचेत डबी नाही. त्या जागी दुसरंच काही. डबीला कड होती, याला कड नाही. डबीपेक्षा मोठं आहे.

म्हणजे ते मागे होतंच. डबीच्या मागे बसलं होतं.

१७ जानेवारी, शुक्रवार. हैद्राबाद.

परवा घशातून नळी घालून आतला तुकडा काढला. ते लिहीत नाही. आज निकाल.

डॉक्टरांनी मन्मथला बाहेर व्हरांड्यात नेलं. मी आत बाकावर. दार लोटलेलं. मन्मथला उर्दू धड येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना तोच शब्द दोनदा सांगावा लागला. मी उर्दू शाळेत शिकलेला माणूस. सरतान. फेफडे का सरतान. फुफ्फुसाचा कर्करोग.

मन्मथ आत आला. "सूज हाय म्हनत्येत." चेहरा खडूसारखा. मी म्हटलं, हो का.

१८ जानेवारी, शनिवार. हैद्राबाद.

मन्मथला फळं आणायला धाडलं आणि एकटाच डॉक्टरांकडे गेलो. म्हटलं, मला शब्द कळलाय, आता पुढचं सांगा. त्यांनी चष्मा काढला. "सहसा आम्ही पेशंटला सांगत नाही." म्हटलं, छाती माझी आहे.

मग सांगितलं. कागदावर फुफ्फुसं काढून दाखवली. जसं समजलं तसं उतरवून ठेवतो, नाहीतर उद्या माझं मीच बदलून घेईन.

एक, ऑपरेशन. डावं फुफ्फुस सगळंच काढायचं. इथे होत नाही. मुंबईत एक सर्जन आहेत, लढाईतून परतलेले, ते करतात. मुळासकट काढायचा मार्ग असेल तर हा एकच. पण आवाज बसलाय हे चिन्ह चांगलं नाही, गाठ आवाजाच्या शिरेपर्यंत पोचली असावी. कदाचित छाती उघडून तशीच शिवून टाकतील. कदाचित उघडणारच नाहीत.

दोन, किरण. इथेच. पाच-सहा आठवडे रोज. रक्त थांबेल, श्वास मोकळा होईल. गाठ लहान होते, जात नाही.

तीन, काहीच नाही. घरी. खोकल्याचं औषध, पुढे दुखलं तर अफूचं.

विचारलं, ऑपरेशनला गेलेले किती वाचतात? म्हणाले, "मी तिघांना पाठवलं. एक टेबलावरच गेला. एक दीड वर्ष होता. एकाचं परवा पत्र आलं, शाळेत शिकवतो." किरणांनी किती दिवस? "महिने. कोणाचे जास्त, कोणाचे कमी." काहीच न करता? त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"विडीमुळे झालं का?" माहीत नाही म्हणाले, कुणालाच नक्की माहीत नाही. "नोव्हेंबरात परत आलो असतो तर?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "कदाचित. ते मला विचारू नका, पुढचं विचारा."

पुढचं काही सुचेना. उठलो, तर दार कुठल्या बाजूला आहे तेच कळेना.

२२ जानेवारी, बुधवार. पूर्णा.

सौ.ला सांगितलं. गिरिजा शाळेत होती. कागदावरची फुफ्फुसं दाखवली. तिला अक्षर येत नाही, पण तिचे प्रश्न माझ्याहून शहाणे. "येका फुफ्फुसावर मानूस चालतंय का? जिना चढतंय का? त्यो शाळंत शिकविनारा उभ्यानं शिकवितो का बसून?" हे मी विचारलंच नव्हतं.

मग म्हणाली, "मला कामून न्हाई सांगितलं तवाच, रगत आलं तवा?" म्हटलं, भीती वाटली. "मग दोघं भेलो असताव."

२९ जानेवारी, बुधवार

आता ज्याच्या त्याच्या जिभेवर औषध. पोर्टर म्हणतो अडुळसा. शेजारीण म्हणते गाढविणीचं दूध. परभणीच्या वैद्याने नाडी पाहून सांगितलं, वात आहे, बेचाळीस दिवसांत उतरेल. बाहेर येऊन मला इतका राग आला, आणि रागाच्या मागोमाग वाटलं, असेलही वातच. मन कसं लबाड असतं पाहा. पुन्हा डबीच शोधतंय.

मन्मथ किरणांच्या बाजूचा. "छाती फाडू नको दादा. जितके दिवस हाय तितके दिवस घरी ऱ्हा, सगळ्यांत ऱ्हा." त्याचंही खोटं नाही. काल गाडीचे बैल सोडताना विचारत होता, शेतात आईला पुरलं त्या समाधीशेजारची पट्टी यंदा पेरायची का तशीच ठेवायची. विचारून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. दोघंही बैलांकडे बघत बसलो.

भीतीबद्दल एक. मरणाची आहेच. पण टेबलावर, परक्या गावात, मुठीत काही नसताना, गुंगीत, त्याची फार. सौ. म्हणते, मूठ बांधून देऊ फडक्याने. गुंगीत सुटेल म्हटलं. "डागदरला मी सांगते की." मुंबईच्या डॉक्टरला ही सांगणार! आणि सांगेल.

सगळे मत देतात. सौ. देत नाही. शेवटी मीच विचारलं. "जीव तुमचा हाय," म्हणाली. "पर मला इचाराल तर, आता काई करायचं उरलं न्हाई म्हनून डागदर सांगंस्तोवर इचारीत जावं."

मुंबईला पत्र टाकलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुंबईचं उत्तर आलं. चार ओळी. दहा तारखेला दाखल व्हा, काचा घेऊन या, आधी तपासू, मग ऑपरेशनचं ठरवू. ठरवतीलच असं नाही. तिथून परत हैद्राबादला किरणांसाठी पाठवतील, असंही होईल. हे सगळं सौ.ला दोनदा सांगितलं, मला स्वतःला चारदा.

दुपारी पास काढायला गेलो. स्टेशन मास्तर कादरसाहेब स्वतः लिहायला बसले. बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून माझे कागद त्यांनी किती वेळा परत फेकलेत! नाव, हुद्दा, सोबत बायको, पूर्णा ते मुंबई. परतीच्या तारखेशी येऊन पेन थांबलं.

"ये मैं खाली छोडतौं अप्पा. तुम बोले तो भर लेंगे."

भलेपणाने म्हणाले, कळतं मला. पण डॉक्टरांनी चष्मा पुसला तेव्हाही इतकं भ्यायलो नव्हतो. आवाज तर निघतच नाही, म्हणून रकान्यावर बोट ठेवलं. तारीख टाका.

"कौनसी?"

कोणतीही टाका साहेब. रिकामा नको.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. ३० एप्रिल लिहिलं आणि शिक्का मारला. शाई ओली होती, पास हातात धरूनच घरी आलो.

सौ.ला तारीख वाचून दाखवली. "इतके दिस लागतील का?" म्हणाली.

म्हटलं, लागू देत.