तांदळाची कणी

चोपडा, कार्तिक, शके १८५३

प्रिय अक्का,

तुझ्या लेकराचा, मोतीचा, तो वरचा दात नव्हता. तांदळाची कणी होती. मीच लावली. पुढचं तू स्वतः वाच, दाजींच्या हातात देऊ नको.

त्या दिवशी दोंडाईच्याला तू शेतात होतीस. मोतीच्या हिरड्या शिवशिवत होत्या, दोऱ्यात ओवलेली खारीक चावून चावून त्याचा गळा लाळेनं भिजलेला. मी बोटाला मध लावून हिरड्या चोळल्या, तसा तो गप झाला. तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. वरचे दात आधी आले की मामाला जड, मग उताऱ्याला लेकरू मामाच्या घरी नेतात, असं कुठंतरी ऐकलेलं. म्हटलं, तुझी सासू दोन वर्षं माहेरी धाडत नाही ना, आता बघतोच. वरच्या हिरडीला कणी चिकटवली आणि तुझ्या सासूलाच, धुरपदाबाईंना, हाक मारली.

त्यांना कमी दिसतं, पण तेवढं बरोबर दिसलं. तू येईपर्यंत मोतीनं कणी गिळली होती. तू तोंड उघडून पाहिलंस, काहीच नाही. तर त्या म्हणाल्या, दात डोकाईसन मझार, आत गया, हाई तं अजूनच वाईट. दिसना तो दिसना, एकदा दिसला की झालं. आते वरीसभर मामानी भाचानं तोंड देखानं नही. मला हसू आवरेना, म्हणून खोकलो. तू घाबरून मला मागच्या दारानं काढलंस.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोनदा निरोप धाडला. तू आली नाहीस. का, ते घरात मला एकट्याला माहीत: अंगावरचं लेकरू सोडून येववत नाही, आणि घेऊन आलीस तर मी त्याच्या नजरेला पडणार. शेवटी शेवटी आई विचारायची, मोतीले कितला दात उनात रे? मी म्हटलं, चार. मी कुठं पाहिले होते.

दहाव्याला आबा सगळ्या भाऊबंदांत बोलले, आजपासून ती मनी पोर नही, मी तिना बाप नही. मी शेजारीच डोकं भादरून बसलो होतो. 

काल लोटन कासार बांगड्या घेऊन आला. तू दिलेला काळा दोरा त्यानं माझ्या हातावर ठेवला. म्हणाला, तुझी बहीण तुझ्यासाठी सोमवार धरते. म्हणते, मायचं तोंड नही देखं, पन भाऊ तं वाचना. भाऊ वाचला म्हणे! तो दोरा बांधवत नाही, टाकवतही नाही. म्हणून हे लिहिलं. मोतीला घेऊन ये. आबांना काय कारण द्यायचं ते तूच शोध, तू हुशार आहेस. फक्त कणीचं सांगू नको. आबांना नको, दाजींना नको, कोणालाच नको. अक्का, पाया पडतो तुझ्या.

तुझाच धडधाकट भाऊ,
वना